तेवीस क्रमांकाचा कागद

साबणाच्या पाण्यात रंग कालवून त्यात नळीने फुंकर घातली की वाटीच्या वर फुग्यांचा एक घुमट उभा राहतो. त्यावर कोरा कागद अलगद टेकवायचा. फुगे फुटतात, आणि फुटण्याआधी जिथे ते एकमेकांना चिकटलेले होते त्या रेषा कागदावर उमटतात. वाळल्यावर पाहावे तर मधाच्या पोळ्यासारखी, पण पोळ्याइतकी शिस्त नसलेली एक जाळी दिसते. मुलांना मी सांगितले होते की हे चित्र रंगाचे नाही, हवेचे आहे. तुमच्या श्वासाने जिथवर जागा अडवली तिथवरची हद्द रंगाने फक्त दाखवली. ते वाक्य तेव्हा मला फार आवडले होते. त्यानंतर मी ते कोणापुढेही उच्चारलेले नाही.

लिहिण्याचा मला सराव नाही. आयुष्यभर जे लिहिले ते प्रयोगशाळेच्या अहवालांत, आणि तेही ‘आढळून आले’, ‘नोंदविण्यात आले’ अशा, कोणी केले ते न सांगणाऱ्या वाक्यांत. या हकिगतीत जे झाले ते मी केले, म्हणून निवृत्तीनंतर इतक्या उशिरा ती लिहायला बसलो आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दिल्लीतल्या मयूर विहारच्या एका सहकारी सोसायटीत राहायला आलो. चार मजली इमारती, भिंतींना अजून ओल्या गिलाव्याचा वास, आणि नळाला बोअरिंगचे इतके जड पाणी की साबण हातावर फेसाऐवजी दह्यासारखा साकळे. सकाळी गेटवर चार्टर्ड बस येई आणि आम्ही सगळे सरकारी नोकर ठरलेल्या जागांवर बसून यमुना ओलांडत असू. आजूबाजूला रोज नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते आणि त्यांची धूळ आमच्या खिडक्यांतून आत येत होती. माझ्या मुलाला पहिल्याच हिवाळ्यात दम्याने गाठले. तो तेव्हा सात वर्षांचा होता.

आमच्याच जिन्यात, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर, आणखी एक मराठी कुटुंब होते. नवरा-बायको आणि माझ्या मुलाच्याच वयाची एक मुलगी. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. सरकारी नोकरी सोडून नव्याने आलेल्या एका परदेशी कंपनीत गेलेला. आमच्या सोसायटीत पट्ट्याला पेजर लावणारा तो पहिला माणूस. महिन्याचे वीस दिवस तो दौऱ्यावर असे. मुलीच्या वाढदिवसाला तो नसे, शाळेच्या कार्यक्रमाला नसे, दिवाळीच्या फराळाला असला तर बॅग भरून दाराशी ठेवलेली असे. जिन्यात भेटला की मला म्हणे, “काय शास्त्रज्ञ, अजून पाचच्याच बसने का? चलो, बदला जरा.” मी हसत असे. मला उत्तरे नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतात.

सोसायटीत आणि आसपास मिळून आमची दहा-बारा मराठी घरे होती आणि त्यांचे एक मंडळ होते. गणपतीत कम्युनिटी हॉलमध्ये दहा दिवस कार्यक्रम होत. त्या वर्षी मंडळाच्या कार्यवाहांनी, जे एका मंत्रालयात वरच्या हुद्द्यावर होते, मला मुलांसाठी विज्ञानाचे काहीतरी करायला सांगितले. व्याख्यान देणे मला जमले नसते. फुग्यांत मला बोलावे कमी लागणार होते, म्हणून मी फुगे निवडले.

तयारीला पंधरा दिवस गेले. आमच्या पाण्यात साधा साबण चालेना. शेवटी शांपूच्या पुड्या, केमिस्टकडचे ग्लिसरीन आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी असे मिश्रण जमले. कोल्ड्रिंकच्या नळ्या आणल्या आणि प्रत्येकीला वरच्या टोकापासून तीन बोटांवर टाचणीने भोक पाडले. असे भोक असले की मुलाने चुकून ओढले तरी तोंडात हवाच येते, रंगाचे पाणी येत नाही. हे सगळे मी रात्री जेवणानंतर स्वयंपाकघरात करी आणि माझा मुलगा प्रयोगाचा उंदीर म्हणून स्टुलावर बसे. त्याचे फुगे पहिल्यापासून चांगले येत. ते का, हे मला तेव्हाच समजायला हवे होते.

रविवारी सकाळी हॉलमध्ये चाळीसेक मुले जमली. टेबलांवर निळ्या, तांबड्या, हिरव्या रंगांच्या स्टीलच्या वाट्या ठेवल्या होत्या. वरच्या मजल्यावरची मुलगी आली ती वडिलांचा हात धरून. सगळ्यांनी वळून पाहिले. त्याचा दौरा ऐन वेळी रद्द झाला होता आणि इतक्या महिन्यांनी मिळालेल्या रविवारी काय करावे ते न कळून तो मुलीमागे आला होता, असे त्याने स्वतःच सांगितले.

मुलीचा फुगा काही उठेना. ती नळी चावत होती. तो निळ्या वाटीपुढे लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे वर करून बसला, नळी हातात घेऊन त्याने फुंकले, आणि टाचणीच्या भोकातून शिट्टी वाजली.

“सरकारी नळी आहे ही,” तो मला म्हणाला. “अर्धी हवा मधेच खाते.”

मुले खिदळली. मुलगी इतकी हसली की तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले. तोही हसत होता, हसता हसता फुंकत होता, आणि पट्ट्यावरचा पेजर गुरगुरत होता. त्याने तो काढून खिशात कोंबला. पुढचे मी पाहिले नाही. पलीकडे एका मुलाने तांबडी वाटी सांडली होती आणि मी फडके आणायला गेलो होतो.

आता आमच्या मंडळाच्या एका नियमाबद्दल सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी चित्रकलेच्या बक्षिसावरून दोन घरांत असे बिनसले होते की दोघांनीही आरतीला येणे सोडले. तेव्हापासून कोणत्याही कागदावर मुलाचे नाव लिहायचे नाही असे ठरले होते. कागदाच्या मागे फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा ती यादी कार्यवाहांकडे, डिंकाने बंद केलेल्या पाकिटात. निकाल लागल्यावर ते पाकीट सर्वांसमक्ष फोडायचे. माझ्या उपक्रमात स्पर्धा नव्हती. तसे मी कार्यवाहांना पुटपुटत सांगितलेही. ते म्हणाले, नियम तो नियम, उद्या कोणी म्हणायला नको. त्यांनी तांबड्या बॉलपेनने प्रत्येक कागदावर क्रमांक घातला, यादी केली, पाकीट बंद केले. स्पर्धा नव्हती म्हणून निकाल लागला नाही, आणि निकाल लागला नाही म्हणून पाकीट कोणी फोडले नाही. ते मखराबरोबर मंडळाच्या पत्र्याच्या ट्रंकेत गेले. दोरीवर चिमट्यांनी लावलेले कागद विसर्जनानंतर मी उतरवले, आणि न्यायला कोणी आले नाही म्हणून एका फाइलीत घालून घरच्या माळ्यावर ठेवून दिले.

जानेवारीच्या अखेरीस वरच्या मजल्यावरचा तो कंपनीच्या कामासाठी चंदीगडला गेला होता. हॉटेलच्या खोलीत सकाळी दाढी करताना कोसळला. धुक्यामुळे असो वा आणखी कशामुळे, वरची टेलिफोन लाइन बंद होती, म्हणून कंपनीचा फोन आमच्याकडे आला. फोन मी घेतला. पण जिना चढून सांगितले ते माझ्या पत्नीने. मी तिच्या मागे दोन पायऱ्या खाली उभा होतो.

दहाव्या दिवशी त्याच्या पत्नीने, वहिनींनी, मला वर बोलावले. घर नातेवाइकांनी भरलेले होते. त्या आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या आणि मुलगी त्यांना टेकून. आधी मुलगीच बोलली.

“काका, बाबांनी फुंकलेला कागद तुमच्याकडे आहे ना?”

वहिनी म्हणाल्या, “भावजी, घरात त्यांचं तसं काहीच नाही हो. कपडे आहेत, फाइली आहेत. फोटोतसुद्धा ते कुठेतरी निघाल्यासारखेच दिसतात. ही म्हणते, तुम्ही शिकवलंत की कागदावर श्वास असतो. तेवढा तेराव्याला फोटोशेजारी लावावा म्हणते.”

मी म्हणालो, “आहे. काढून देतो.”

घरी येऊन फाइल काढली तेव्हा मला कळले की मी काय कबूल करून बसलो आहे. निळी वाटी मला आठवत होती. निळे कागद नऊ होते. नऊही कागदांच्या मागे तांबडे क्रमांक होते आणि त्या क्रमांकांचा अर्थ ट्रंकेतल्या पाकिटात होता. ट्रंक कार्यवाहांच्या घरी, आणि कार्यवाह मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर नागपूरला. त्यांच्या शेजाऱ्यांकडे किल्ली असणार. निदान कार्यवाहांना फोन करता आला असता. घरच्या फोनवर एसटीडीची सोय नव्हती, म्हणून मी नागपूरचा नंबर चिठ्ठीवर लिहून एसटीडी बूथपर्यंत गेलोही. बूथमध्ये दोन माणसे रांगेत होती. त्यांच्यासमोर मोठ्याने हे सगळे कसे सांगायचे, हा विचार करीत मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. माझ्या स्वभावाला माझी आई भिडस्त म्हणे. तिच्या तोंडी ती स्तुती असे.

मग मी मला येत होते ते केले. नऊ कागद जमिनीवर मांडले आणि भिंग घेऊन बसलो. श्वास हळू आणि एकसारखा सोडला तर फुगे मोठे आणि सारखे होतात. घाईत, धापा टाकत फुंकले तर बारीक फेस होतो. आठ कागदांवर कमीअधिक फेस होता. त्यातल्या एकावर तर नुसता चिखल, कडेला बोटाचा फराटा. नवव्या कागदावर सात-आठ मोठे फुगे होते, भरदार, एकमेकांना तोलून धरलेले, रेषा अखंड. हे मुलाचे काम नव्हे, असे मी ठरवले. ही प्रौढ, सावकाश सोडलेली, पूर्ण छातीची हवा आहे. त्याच्या मागे तेवीस हा आकडा होता. अनुमान चांगले बांधलेले होते, पण ते अनुमान आहे एवढे मला सांगायला हवे होते.

मी कागद वर नेला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला. मुलीने मान वाकडी करून बराच वेळ पाहिला.

“बाबा तर हसत होते,” ती म्हणाली.

“हसून झाल्यावर त्यांनी नीट फुंकलं,” मी म्हणालो. “मी पाहिलं ना.”

“नक्की?”

“नक्की.”

तेराव्याला तो कागद चौकटीत घालून फोटोशेजारी लावलेला होता. फोटोला आणि चौकटीला, दोहोंना, चंदनाच्या सालींचे हार होते. साताऱ्याहून आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने काचेवर तळवा टेकवला आणि म्हणाली, “ह्यात आहे गं तो.” जेवणाच्या पंगतीत मी मान खाली घालून बसलो. लोकांना ते दुःख वाटले. दुःख होतेच, पण मान खाली होती ती दुसऱ्या कारणाने.

त्या वर्षभरात मी अनेकदा वर गेलो. बँकेचे फॉर्म, कंपनीची पत्रे, असली कामे वहिनी मला सांगत आणि मी ती करी. प्रत्येक वेळी चौकटीसमोरच्याच खुर्चीत बसावे लागे. माझी पत्नी एकदा सांगत होती की वहिनी त्या चौकटीशी बोलतात. फोटोशी नाही, चौकटीशी. दिवसभर लाइट नव्हती, मुलीला गणितात कमी पडले, गॅस संपला, असे सगळे सांगतात. पत्नीला ते ऐकून भरून आले होते. मी वर्तमानपत्र उघडले.

पुढच्या गणपतीत मखर काढायला ट्रंक उघडली. कार्यवाहांनी ते पाकीट माझ्या हातात दिले आणि हसून म्हणाले, हे तुमचे गोपनीय दस्तऐवज, आता ठेवा नाहीतर फाडा. हॉलच्या मागे थर्माकोलच्या खांबांमध्ये उभे राहून मी ते फोडले. एकतिसाव्या क्रमांकापुढे वरच्या मजल्यावरच्या मुलीचे नाव होते आणि त्यापुढे कंसात ‘बाबा’. तेविसाव्यापुढे माझ्या मुलाचे नाव होते.

डॉक्टरांनी त्याला दम्यासाठी एक सवय लावली होती. ओठांचा चंबू करून, मेणबत्ती विझू न देता, अगदी सावकाश श्वास सोडायचा. रोज सकाळी दहा मिनिटे. चाळीस मुलांत शांतपणे फुंकणारा तोच एक होता, कारण त्याला रोज ते करावे लागत होते. भिंगातून मी ज्याला प्रौढ पूर्ण छातीची हवा म्हटले होते, तो माझ्या आजारी मुलाचा व्यायाम होता.

एकतिसावा कागद म्हणजे तो चिखल, बोटाच्या फराट्याचा. हसताना फुंकलेला.

आमच्याकडे जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत. लहानपणी माझ्या मामांनी स्वतःच्याच फोटोला गंमत म्हणून झेंडूची माळ घातली तर आजीने ती तोडून टाकली होती आणि दिवसभर त्यांच्याशी बोलली नव्हती. मी भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. कागदावर पोस्टर कलर आहे, शांपू आहे, ग्लिसरीन आहे. श्वास त्याच सकाळी हॉलच्या हवेत मिसळून गेला, हे मला पक्के ठाऊक होते. पण आठ महिने माझ्या मुलाचा कागद एका मेलेल्या माणसाशेजारी हार घालून टांगलेला आहे, आणि एक बाई त्याच्याशी मृताशी बोलावे तसे बोलते आहे, हेही मला ठाऊक झाले. पहिले ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडेना.

ऑक्टोबर संपला, हवा जड झाली. मुलगा खोकू लागला की मी वर छताकडे पाही. आमच्या बैठकीच्या खोलीच्या बरोबर वर त्यांची बैठकीची खोली होती. भिंतही तीच, एक मजला वर. दिवसा ऑफिसात मी हे सगळे हास्यास्पद ठरवी आणि संध्याकाळी बसमधून उतरताना आधी आमच्या खिडकीचा पडदा पाही. मुलगा आजारी असला की पत्नी तो अर्धा ओढून ठेवी.

डिसेंबरात त्याला मोठा झटका आला. चार दिवस नर्सिंग होममध्ये तोंडाला मास्क लावून तो पडून होता. पाचव्या दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला, “बाबा, यार, तुम्ही मला असं बघत नका ना राहू.” त्या दुपारी मी पत्नीला सगळे सांगितले.

ती म्हणाली, “अहो, म्हणजे सप्टेंबरपासून तुम्ही एकटेच घाबरत होतात?”

मी म्हणालो, घाबरण्यासारखे त्यात शास्त्रीयदृष्ट्या काही नाही.

“शास्त्रीयदृष्ट्या नाही ना? मग तुमचं सहा किलो वजन कुठे गेलं?” तिने फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. “वर्षश्राद्ध आलंय तीन आठवड्यांवर. त्यांचे सगळे येतील, त्या चौकटीपुढे तीळ-पाणी सोडतील. त्याआधी घेऊन या तो कागद. का मी जाऊ?”

एवढ्या एका बाबतीत मी तिला पुढे केले नाही.

मी रविवारी दुपारी गेलो. एकतिसावा कागद फाइलीत होता. वहिनी आणि मुलगी मटार सोलत बसल्या होत्या. मी नेहमीच्या खुर्चीत न बसता उभाच राहिलो आणि जे सांगायचे ते भिंतीकडे पाहून सांगितले. क्रमांक, पाकीट, ट्रंक, नऊ कागद, भिंग. मी पाहिले असे म्हणालो ते मी पाहिले नव्हते. तो कागद माझ्या मुलाचा आहे. शेवटी मी एकतिसावा कागद काढून मटारांच्या परातीशेजारी ठेवला.

वहिनींनी तो हातात घेतला नाही, नुसता पाहिला. मुलीने घेतला. तिने फराट्यावर आपले बोट ठेवून पाहिले, उठली आणि तो घेऊन आत गेली. तो कागद मी त्यानंतर पाहिलेला नाही.

“तुमचा खोकतो तेव्हा तुम्हाला हा हार दिसतो?” वहिनींनी विचारले.

मी हो म्हणालो.

त्या उठल्या, चौकट खिळ्यावरून उतरवली, हार काढला, आणि पदराने काच पुसली. मी हात पुढे केला. त्यांनी चौकट छातीशी धरली.

“हा मी देणार नाही, भावजी.”

मला वाटले, मी नीट सांगितले नाही. पुन्हा सुरुवात करू लागलो. त्यांनी मान हलवली.

“कळलं मला. हे ते नाहीत. पण वर्षभर मी याच्याशी बोलले आहे. तुम्ही ‘नक्की’ म्हणालात म्हणून बोलले. आता त्या कागदाशी पहिल्यापासून सगळं सांगू? तेवढं नाही माझ्यात.” मग म्हणाल्या, “तुमचा तर घरी आहे.”

मी फाइल उचलली. मी दाराकडे वळलो. त्यांनी हाक मारली.

“थांबा. त्याला घेऊन या वर. आत्ता. मफलर गुंडाळून आणा.”

मी खाली जाऊन मुलाला आणले. पत्नी दारात उभी राहिली. वहिनींनी त्याला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवले. मुठीत खडेमीठ घेतले.

“काकू, ये क्या है?” त्याने विचारले.

“दृष्ट काढतेय.”

“अच्छा, नजर.”

“हो, नजर. माझीच लागली असेल. वर्षभर बघत होते तुझ्याकडे.” त्या माझ्याकडे वळल्या. “मिरच्या-मोहऱ्या नाही घालणार. धुराने खोकेल तो. नुसतं मीठ.”

त्यांनी मूठ त्याच्यावरून तीनदा ओवाळली, मग आपल्या मांडीवरच्या चौकटीवरून तीनदा, आणि स्वयंपाकघरात जाऊन तापलेल्या लोखंडी तव्यावर मीठ टाकले. माझी आजी दृष्ट काढी तेव्हा मिरच्या जाळून वास येतो का पाही. ठसका लागला तर काही नव्हते. जळूनही वास आला नाही तर दृष्ट कडक होती, आणि ती उतरली. हे मी लहानपणी ऐकले होते आणि पुढे शिकल्यावर त्याला हसलो होतो.

मीठ तडतडू लागले. खड्याच्या आत अडकलेले पाणी तापून वाफ होते आणि खडा फुटतो. त्यात आणखी काही नाही. मुलगा पाटावरून उठून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. त्याच्या छातीतली बारीक शीळ अजून गेलेली नव्हती. मिरच्या घातल्याच नव्हत्या, तेव्हा वास येण्या-न येण्यावरून काही ठरणार नव्हते, हे मला समजत होते. तरीही मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून नाकाने हवा ओढत होतो. गॅसचा आणि तापल्या लोखंडाचा वास येत होता, आणखी कशाचाही नाही.